विश्लेषण : रस्त्यात चाक बदलायला बॅटरीची गन घ्यावी का? घ्यायची तर कोणती?

गंगाखेडहून परभणीकडे निघालेली गाडी पोखर्णी यायच्या आधीच डावीकडे ओढू लागते. उतरून मोबाइलच्या उजेडात बघावे तर मागचे चाक जमिनीला टेकलेले. डिकीत स्टेपनी आहे, जॅक आहे, गाडीसोबत मिळालेला एल आकाराचा पानाही आहे. नट मात्र हलत नाही. हाताने जोर लावून होतो, पाय देऊन होतो, शेवटी पान्यावर उभे राहूनही होते. पाना निसटतो, नटाचे कोपरे घासले जातात आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांना हात दाखवण्याखेरीज काही उरत नाही. गाडीत वयस्कर माणसे किंवा लेकरे असतील, किंवा गाडी एकटी बाई चालवत असेल, तर हा अर्धा तास फार लांब वाटतो.

हाच प्रसंग डोळ्यांसमोर ठेवून बॅटरीवर चालणाऱ्या इम्पॅक्ट गनच्या जाहिराती केल्या जातात. टायरच्या दुकानात ‘टर्रर्र’ करत नट सोलणारी हवेची गन सर्वांनी पाहिलेली असते. तीच गन कॉम्प्रेसरशिवाय, पाइपशिवाय डिकीत ठेवता येईल आणि दोन मिनिटांत चाक निघेल, असा दावा असतो. दावा अगदी खोटा नाही. पण चार-पाच हजारांपासून वीस हजारांच्या पुढे पसरलेल्या या बाजारात काय घ्यावे आणि मुळात घ्यावे की नाही, हे समजून घेण्यासाठी सुरुवात त्या न हलणाऱ्या नटापासून करावी लागते.

नट हलत का नाही?

नट आवळण्याच्या पिळाला टॉर्क म्हणतात आणि तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला एक किलो वजन टांगले तर पडणारा पीळ सुमारे ९.८ न्यूटन-मीटर. गाडीसोबतचा पाना साधारण ३० सेंटिमीटरचा असतो, कधी त्याहून आखूड. त्यावर हाताने ३० किलोचा जोर दिला तर नटावर सुमारे ८८ न्यूटन-मीटर पडतात. ७० किलोचा माणूस टोकावर उभा राहिला तर सुमारे २०६.

आता कंपनीचा आकडा बघा. ह्युंदाईच्या कारच्या मॅन्युअलमध्ये चाकाचे नट १०७ ते १२७ न्यूटन-मीटरने आवळा, असे दिलेले असते. इतर कंपन्यांच्या लहान-मध्यम गाड्यांचे आकडेही साधारण ८५ ते १३० च्या पट्ट्यातच फिरतात. म्हणजे नट नियमाप्रमाणे आवळलेला असेल, तर तो धडधाकट माणसाला साध्या पान्यानेही सुटायला हवा. कंपन्यांनी तो पाना त्याच हिशेबाने दिलेला असतो.

तो सुटत नाही याची कारणे दोन. एक गंज. पावसाळ्यात चिखलपाणी आट्यांत जाते, वर्षभर चाक निघालेच नाही तर नट आपल्या जागी धरून बसतो. दुसरे कारण मोठे आहे आणि त्याबद्दल बोलले कमी जाते. शेवटच्या वेळी तो नट हवेच्या गनने आवळलेला असतो. अर्ध्या इंचाची हवेची गन ५०० न्यूटन-मीटरच्या आसपास सहज जाते. दुकानात गर्दी असते, पोऱ्या घोडा दाबतो, गन थांबेपर्यंत दाबून धरतो आणि पुढच्या गाडीकडे वळतो. ११० हवे होते तिथे २५०-३०० बसतात. मग रात्री नऊ वाजता पोखर्णीजवळ तुमचे वजन कमी पडते, यात नवल नाही.

त्यामुळे या विषयातला पहिला उपाय फुकटचा आहे. चाक बसवून घेताना सांगायचे, ‘भाऊ, गन नुसती टेकवा, शेवटचं हातानं आवळा.’ बहुतेक दुकानदार ऐकतात. काही जण ‘काही होत नाही साहेब’ म्हणतात. त्यांच्यासमोर आपलाच पाना काढून एकेक नट सैल करून पुन्हा आवळून बघायला संकोच करू नये. आपल्या हाताने तो नट सुटतो की नाही, हे दुकानासमोर कळलेले बरे.

गन आपल्या मनगटाला झटका का देत नाही?

कारण ती सलग पिळत नाही, ठोकते. आत मोटर असते, मोटरपुढे स्प्रिंगच्या दाबाखाली फिरणारा एक जड हातोडा आणि त्याच्यासमोर ऐरण. गोटी, म्हणजे नटावर बसणारा सॉकेट, या ऐरणीच्या चौकोनी टोकावर चढवलेली असते. नट सैल असेल तोवर सगळे एकत्र फिरते. नट अडला की हातोडा मागे सरकून सुटतो, वेग घेतो आणि ऐरणीवर आडवा आदळतो. पुन्हा सुटतो, पुन्हा आदळतो. मिनिटाला दोन-तीन हजार वेळा. प्रत्येक ठोका क्षणापुरताच असल्याने त्याचा उलटा झटका हातापर्यंत फारसा येत नाही, पण गंजलेला सांधा मात्र या ठोक्यांनी हादरून सुटतो. लोहार अडकलेला खिळा ओढण्याआधी ठोकून घेतो, त्यातलाच हा प्रकार.

हे यंत्र अमेरिकेत १९३० च्या दशकात आले, ते हवेवर चालणारे. बॅटरीची हत्यारे त्यानंतर खूप उशिरा आली. ब्लॅक अँड डेकरने पहिले बॅटरीचे ड्रिल १९६१ मध्ये आणले. पण चाकाचा नट सोडण्याइतका दम बॅटरीत आला तो लिथियम-आयन हत्यारांत उतरल्यावर, म्हणजे २००५ नंतर. आज हे यंत्र डिकीत मावते ते त्यामुळे.

खरेदीत एक घोळ हमखास होतो. इम्पॅक्ट ड्रिल, इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि इम्पॅक्ट रेंच या तीन वेगळ्या वस्तू आहेत. इम्पॅक्ट ड्रिल भिंतीला भोके पाडायला. त्याचे ठोके पुढच्या दिशेने बसतात, पिळाच्या दिशेने नाही. इम्पॅक्ट ड्रायव्हर स्क्रू बसवायला. त्याच्या तोंडाला पाव इंची षटकोनी खाच असते आणि ताकद साधारण १५० ते १८० न्यूटन-मीटर. चाकासाठी हवा तो इम्पॅक्ट रेंच, तोंडाला अर्ध्या इंचाचा चौकोनी दांडा असलेला. ऑनलाइन चित्रात तिन्ही सारखेच दिसतात. चौकोनी दांडा दिसत नसेल तर पुढे जाऊ नका.

किती ताकद लागते?

इथे विक्रेते दोन आकडे एकमेकांत मिसळतात. एक आकडा आवळण्याचा आणि दुसरा सोडवण्याचा. दुसरा नेहमी मोठा असतो, म्हणून खोक्यावर तोच ठळक छापतात. उदाहरणच घ्यायचे तर मकिताच्या डीटीडब्ल्यू ३०० या मध्यम आकाराच्या गनचा आवळण्याचा कमाल टॉर्क ३३० न्यूटन-मीटर आहे आणि आवळलेला नट फोडून सोडवण्याचा ५८०. दोन्ही आकडे वेगवेगळे सांगणारी कंपनी निदान मोजमाप करते, एवढे तरी त्यावरून समजते. एकच गोल आकडा आणि पुढे उद्गारचिन्ह असेल तर तो किमतीसारखाच घासाघीस करून कमी समजावा.

कारसाठी, म्हणजे स्विफ्ट, आय-२०, क्रेटा, बोलेरोपर्यंत, सोडवण्याची खरी ताकद ४०० ते ६०० न्यूटन-मीटर असलेली मध्यम गन पुरते. २००-२५० ची छोटी गन वजनाला हलकी असते आणि नीट आवळलेला नट ती सहज काढते, पण आपला प्रश्नच मुळात नीट न आवळलेल्या नटाचा आहे; तिथे ती ठोके देत राहते आणि नट जागचा हलत नाही. दुसऱ्या टोकाला हजार न्यूटन-मीटरच्या गन आहेत. त्या बॅटरीसह तीन किलोच्या पुढे जातात. खाली बसून, हात लांब करून, एका हातात मोबाइलचा उजेड धरून तीन किलोचे धूड नटावर नेमके टेकवणे सोपे नाही. शिवाय आवळताना तेवढ्याच सहजतेने ती बोल्ट तोडते.

विक्रेता फूट-पाउंडमध्ये आकडा सांगत असेल तर त्याला १.३५६ ने गुणावे. ३०० फूट-पाउंड म्हणजे सुमारे ४०७ न्यूटन-मीटर.

आपल्याकडे गाडी घेणारा बहुतेक जण शेतकरीही असतो, त्यामुळे दुकानात पुढचा प्रश्न ठरलेला : यानेच ट्रॅक्टरचे मागचे चाकही निघेल ना? कारसाठी घेतलेल्या गनकडून ती अपेक्षा ठेवू नये. ट्रॅक्टरचे नट मोठे, मातीत बरबटलेले आणि बहुधा वर्षानुवर्षे न उघडलेले. ट्रकचे नट तर ५००-६०० न्यूटन-मीटरने आवळायचे असतात आणि त्यांना गोटीही पाऊण किंवा एक इंची दांड्याची लागते. त्या कामाला वेगळी गन आणि वेगळे पैसे.

‘४८ व्होल्ट’, ‘८८ व्होल्ट’ हे काय आहे?

बहुतांशी छपाई. हत्यारांच्या नेहमीच्या बॅटरीत लिथियमचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, म्हणजे पाचांचे १८. पूर्ण चार्ज झाल्यावर सेल ४ व्होल्टच्या थोडा वर जातो, म्हणून तीच बॅटरी कोणी ‘२० व्होल्ट मॅक्स’ म्हणून विकतो, कोणी ‘२१ व्होल्ट’ म्हणून. या तिन्हींत फरक काही नाही. स्वस्त गनवर मात्र ४८, ८८, १२८ असे आकडे छापलेले असतात आणि त्यापुढे ‘व्ही’ला चिकटून ‘एफ’ हे अक्षर बारीक दडवलेले असते. उघडून पाहिले तर आत तेच पाच सेल. ‘एफ’ कशाचा, हे विक्रेत्याला विचारून बघावे, करमणूक होते.

बॅटरीतली खरी शिदोरी किती, हे वॅट-अवरवरून कळते. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. १८ व्होल्ट, ४ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ७२ वॅट-अवर. हा आकडा चांगल्या बॅटरीवर छापलेला असतो. चाकासाठी चार अँपिअर-अवर घ्यावी. चार-पाच नटांना एवढा साठा लागतो म्हणून नव्हे, तर मोठ्या बॅटरीत सेलच्या दोन रांगा शेजारी-शेजारी असतात आणि ती एकदम जास्त प्रवाह देऊ शकते. अडलेल्या नटाला तोच हवा असतो. याच कारणाने दीड-दोन अँपिअर-अवरच्या बॅटरीवर चांगली गनही मवाळ वाटते. बॅटरीवर बीआयएसचा शिक्का आणि आयएस १६०४६ हा क्रमांक आहे का, तेही बघून घ्यावे.

मोटर ब्रशलेस असावी. कार्बन ब्रशची मोटर वाईट असते असे नाही, पण वर्षातून दोनदा वापरायच्या यंत्रात झिजणारा भाग जितका कमी तितके बरे, आणि ब्रशलेस मोटर त्याच बॅटरीत जास्त काम देते. किमतीतला फरक एवढ्याने वसूल होतो.

कंपनी कोणती, यावर दुकानात बसून तासभर वाद होऊ शकतो. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्या जिल्ह्यात बॉशचा आग्रह धरणारे भेटणारच. जपानची मकिता, अमेरिकेची डिवॉल्ट, त्याच घराण्यातली स्वस्त स्टॅन्ले, चीनची इंगको ही नावे शहरातल्या हार्डवेअरच्या दुकानांत ओळखीची आहेत. विजेच्या हत्यारांत महाराष्ट्राचेही नाव आहे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळची केपीटी. माझे मत विचाराल तर नावापेक्षा दोन प्रश्न महत्त्वाचे. घरात किंवा शेतावर आधीच एखाद्या कंपनीचे बॅटरीचे ड्रिल, ग्राइंडर किंवा फवारणीचा पंप आहे का? असेल तर त्याच कंपनीची, त्याच बॅटरीवर चालणारी नुसती गन घ्यावी. बॅटरी आणि चार्जर हाच किमतीतला मोठा वाटा असतो, तो वाचतो. आणि बिघडली तर द्यायची कुठे? दुकानदार ‘आमच्याकडे आणून द्या’ म्हणाला तर त्याने ती पुढे कुठे पाठवायची ते विचारावे. नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर म्हणाला तर ठीक. उत्तर लांबले तर समजून घ्यावे. जीएसटीचे पक्के बिल घ्यावे, वॉरंटी त्यावरच चालते. बिनानावाच्या ऑनलाइन गनमध्येही कधी कधी चांगला नग लागतो. पण वर्षभराने तिची बॅटरी गेली की त्या मापाची दुसरी मिळेलच असे नाही आणि मग गन भंगारात.

डिकीतल्या बॅटरीला परभणीचे ऊन मानवते का?

नाही, आणि या जिल्ह्यातल्या खरेदीदाराने सर्वांत आधी विचार करायचा तो याचाच. एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४३-४४ अंशांवर जाणे नवे नाही. अशा दुपारी उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत ६० अंशांच्या वर ताप होतो. हत्यार बनवणाऱ्या कंपन्या मात्र मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहितात की यंत्र आणि बॅटरी ५० अंशांपर्यंत तापणाऱ्या जागी ठेवू नका. म्हणजे ज्या कामासाठी गन घेतली, ते काम नीट व्हायचे तर ती कायम गाडीत हवी, आणि बॅटरी टिकायची तर ती कायम गाडीत नको.

उष्णतेने लिथियमची बॅटरी लगेच पेट घेते असे नाही. ती आतून म्हातारी होते. दोन उन्हाळे डिकीत काढलेली बॅटरी चार्जर लावल्यावर पूर्ण भरल्याचा हिरवा दिवा दाखवते आणि नटावर टेकवली की दहा ठोक्यांत मान टाकते. स्वस्त बॅटरीत सेलवर लक्ष ठेवणारी पाटी कच्ची असते, तिथे धोका त्याहून वाढतो. फुगलेली, पडून तडा गेलेली किंवा चार्ज होताना हाताला चटका देणारी बॅटरी गाडीत ठेवूच नये.

यावर तोडगा थोडा गैरसोयीचा आहे, पण तोच आहे. गन डिकीत राहू द्यावी, बॅटरी घरात गार जागी ठेवावी आणि गावाबाहेर निघताना पाण्याच्या बाटलीबरोबर ती उचलावी. प्रवासात ती डिकीऐवजी आत, सीटच्या खाली ठेवली तर एसीचा गारवा तिला मिळतो. मुक्कामी पोचल्यावर उतरवून घ्यावी. उन्हातून आणलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये, तासभर निवू द्यावी. वापर नसला तरी दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्ज तपासावा. ज्यांना एवढे लक्षात राहणार नाही (आणि बहुतेकांना राहत नाही), त्यांनी खरेदीचा पुन्हा विचार करावा. म्हणूनच गन घेतली तरी कंपनीचा पाना डिकीतून काढू नये.

गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर वायरने चालणाऱ्या गनही मिळतात. त्यांना बॅटरीची ही कटकट नाही. मात्र त्या सॉकेटचा फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा, म्हणजे दीडशे-पावणेदोनशे वॅटच्या वर तिथून काही मिळत नाही. त्यामुळे त्या आतले चाक आधी गरगर फिरवून वेग घेतात आणि मग एकेक ठोका देतात. हळू चालतात, आवाज मोठा करतात, बेताच्या आवळलेल्या नटाला चालतात. फार आशा ठेवू नये.

मग आवळायचेही गननेच का?

नाही. इथे मात्र सवलत नाही.

गनला टॉर्क कळत नाही. घोडा किती वेळ दाबला, बॅटरी किती भरलेली, आट्यांना गंज किती, यावर बसणारा पीळ ठरतो. तीच गन एका नटाला ९० देते आणि शेजारच्याला ३००. जास्त आवळलेला बोल्ट ताणला जातो आणि त्याची लवचीकता जाते. आज तुटत नाही, पुढच्या-मागच्या वेळी तुटतो. चाकाची बैठक आणि तिच्या मागची ब्रेक डिस्क असमान दाबाने वाकडी ओढली जाते, मग ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरते आणि दोष टायरला दिला जातो. कमी आवळलेल्या नटाचा धोका तर उघडच आहे. माझ्या स्वतःच्या गाडीची चाके एका दुकानात पुढची मागे, मागची पुढे करून घेतली होती. सहा महिन्यांनी पंक्चरच्या निमित्ताने चाक काढताना एक बोल्ट नटासकट हातात आला. उरलेल्या तिघांवर घर गाठताना जो वेग होता, त्या वेगाने बैलगाडीनेही मागे टाकले असते.

रीत अशी. नट आधी बोटांनी चार-पाच आटे चढवायचे. गनने आटे वाकडे धरले तर बोल्ट तिथेच संपतो. मग गन सगळ्यांत कमी वेगावर ठेवून नट नुसता टेकेपर्यंत न्यायचा आणि घोडा सोडायचा. क्रम समोरासमोरचा ठेवायचा, शेजारी-शेजारी नाही. गाडी जॅकवरून उतरवायची आणि शेवटचा पीळ हाताने. त्यासाठी टॉर्क रेंच मिळतो, साध्या प्रकारातला दोन-चार हजारांत. ठरवलेल्या आकड्यावर तो ‘टक’ असा आवाज देतो. तो नसेल तर कंपनीच्याच पान्याने, उभे न राहता, दोन्ही हातांनी भरपूर जोर द्यावा. वर केलेल्या हिशेबाप्रमाणे ३० सेंटिमीटरच्या पान्यावर ३५-४० किलोचा जोर म्हणजे १०३ ते ११८ न्यूटन-मीटर होतात. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावायचा मोह टाळावा. तेलकट आट्यांवर तोच पीळ बोल्टला फार जास्त ताणतो.

गोटीचेही तसेच. मारुतीच्या बहुतेक गाड्यांना १९ मिलिमीटरची, ह्युंदाई आणि टोयोटाला २१ ची, फोक्सवॅगन-स्कोडाला १७ ची लागते. पण घेण्याआधी आपल्या पान्यावर कोरलेला आकडा बघावा. गोटी काळ्या रंगाची, ‘इम्पॅक्ट’ लिहिलेलीच हवी. घरातल्या पेटीतली चकचकीत क्रोमची गोटी हाताच्या पान्यासाठी असते. ती कडक पण ठिसूळ असते, गनच्या ठोक्यांनी तिला तडा जातो आणि तुकडा डोळ्याकडे उडू शकतो. अलॉय चाक असेल तर पातळ भिंतीची, बाहेरून प्लॅस्टिकचे कव्हर असलेली लांब गोटी घ्यावी, नाहीतर चाकावर ओरखडे येतात. चोरीपासून वाचवणारा किल्लीचा नट बसवला असेल तर त्याच्या किल्लीवर गन चालवू नये, तो हातानेच काढावा. ती किल्ली फुटली तर चाक काढायला पुन्हा टायरवाल्याकडेच जावे लागते. आणि गोटीला लांब एक्स्टेन्शन जोडले की ठोक्यांचा बराच जोर त्या दांड्यातच जिरतो. गरज नसेल तर लावू नये.

गन न घेता भागते का?

बऱ्याच जणांचे भागते. एक टायर, एक गाडी, बहुतेक फिरणे शहरात आणि जिंतूर रोड-वसमत रोडवर, असे असेल तर पैसे आधी दुसरीकडे घालावेत. आजच्या कारचे टायर बहुतेक ट्यूबलेस असतात. खिळा किंवा बाभळीचा काटा शिरला तर हवा हळूहळू जाते. १२ व्होल्टवर चालणारा हवेचा पंप जवळ असेल तर हवा भरून पंक्चरच्या दुकानापर्यंत जाता येते आणि चाक काढायची वेळच येत नाही. मला विचारले तर पहिली खरेदी ही.

दुसरी खरेदी लांब दांड्याची. हार्डवेअरच्या दुकानात ६० सेंटिमीटरचा अर्ध्या इंची दांडा आणि योग्य मापाची गोटी मिळून हजार-दीड हजारांत येतात. ७० किलोच्या माणसाने तिच्यावर भार दिला की ४१२ न्यूटन-मीटर. म्हणजे दहा-पंधरा हजारांच्या गनची बरोबरी, तीही उन्हाची पर्वा न करता, चार्जिंगशिवाय. ५० किलोच्या व्यक्तीलाही २९४ मिळतात. ट्रकचे क्लीनर पान्याला पाइप घालून हेच करत आले आहेत.

गन खरी कोणाला हवी? ज्यांच्या घरी दोन-तीन गाड्या आहेत, पिकअप भाड्याने फिरते, हंगामात रानातल्या वाटेने माल निघतो. ज्यांचा गुडघा किंवा कंबर दांड्यावर भार द्यायला परवानगी देत नाही. एकटीने लांबचा प्रवास करणारी नोकरदार स्त्री, जिला रस्त्यावर अनोळखी माणसाची मदत घ्यायची नाही. यांच्यासाठी पंधरा-अठरा हजार ही चैन नाही. आणि खरेदीआधी एकदा डिकी उघडून बघावी, स्टेपनी आहे का? २०२० च्या केंद्रीय नियमबदलानंतर टायरचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच दिला असेल, तर गाडीत स्टेपनी देण्याचे बंधन कंपनीवर राहिलेले नाही. काही नव्या गाड्यांत, विशेषतः इलेक्ट्रिक, ती नसतेच. मग गनने काढलेल्या चाकाच्या जागी बसवणार काय?

रस्त्यावर बसण्याआधी

जालन्याहून समृद्धी महामार्गाला लागलात आणि तिथे चाक बसले, तर गन असली तरी स्वतः चाक बदलायला बसू नये. ताशी १२० ची वाहने शेजारून जात असताना दोन मिनिटेही फार असतात. सगळ्यांनी कठड्यापलीकडे उभे राहावे आणि महामार्गाच्या मदत क्रमांकावर फोन करावा. राष्ट्रीय महामार्गांवर तो १०३३ आहे. पाथरी-मानवत-परभणी-वसमत हा कल्याण-निर्मल रस्ता, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६१, त्यात येतो.

बाकी रस्त्यांवर गाडी डांबराच्या कडेला, शक्य तितकी सपाट जागा बघून घ्यावी. आपली काळी माती इथे दगा देते. उन्हाळ्यात ती दगडासारखी वाटते, पाऊस पडून गेला की साइडपट्टीवर टेकवलेला जॅक गाडीच्या वजनाने हळूहळू आत जातो आणि तिरका होतो. डिकीत फूटभर लांबीची जाड लाकडी फळी ठेवावी, जॅक तिच्यावर. हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड, लाल त्रिकोण किमान पन्नास मीटर मागे. नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच, अर्धा-अर्धा फेरा. गन असली तरी. गाडी वर उचलल्यावर काढलेली स्टेपनी चाकाशेजारी गाडीच्या पोटाखाली सरकवावी, जॅक घसरलाच तर गाडी तिच्यावर टेकते. नट सुटले तरी चाक निघत नसेल तर ते मध्यभागी गंजाने धरलेले असते. गाडीखाली न जाता, बसल्या जागेवरून टायरच्या कडेला टाचेने दोन-तीन धक्के द्यावेत.

स्टेपनीवर ५० ते १०० किलोमीटर धावल्यावर गाडी थांबवून नट पुन्हा एकदा हाताने तपासावेत. नव्याने बसवलेले चाक आपल्या जागी बसते तेव्हा एखादा नट पाव फेरा घेतो. पोखर्णीला चाक बदलून परभणीला पोचलात, तर दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी पाना एकदा फिरवून घ्यावा. आणि स्टेपनीतली हवा? ती शेवटची कधी भरली होती, तेही तेव्हाच बघून घ्या.